आभाळातला गोटा

माझ्या आजोळी, चिखली तालुक्यातल्या एका लहानशा गावात, पारावरच्या निंबाखाली एक काळा गोटा होता. शेंदूर माखलेला, हंड्याएवढा. तो आभाळातून पडला, असे आजी सांगायची. कधी पडला, कुणी पाहिला, हे विचारले की ती हाताने उगवतीकडे दाखवायची आणि म्हणायची, "माह्या सासूच्याही आधी." उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून आम्ही झोपायचो. एखादा तारा तुटला की ती घाईघाईने राम म्हणायची आणि आम्हालाही म्हणायला लावायची. तारा तुटला म्हणजे कुठेतरी कुणीतरी गेले, असा तिचा हिशेब होता.

पुढे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक सुट्टीत माझ्याबरोबर गावी आले. त्यांनी पाराला नमस्कार केला, गोट्याच्या मागच्या बाजूचा शेंदूर नसलेला भाग नखाने खरवडून पाहिला, भिंग लावले आणि हसून म्हणाले, "हा आपलाच रे. काळा कातळ. दख्खनचा." मी उत्साहाने आजीला जाऊन सांगितले की गोटा आभाळातला नाही. मला वाटले ती रागावेल. ती सूप पाखडत होती. हात न थांबवता तिने विचारले, "मंग आभायातला कुठी हाय रे बाबू?"

त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. बऱ्याच वर्षांनी ते मिळाले, आणि ते आमच्याच जिल्ह्यात होते.

जगात जिथे जिथे आकाशातून पाषाण पडले आणि ते सापडले, त्यांची एक मोठी यादी शास्त्रज्ञांनी ठेवली आहे. प्रत्येक पाषाणाला त्याच्या पडण्याच्या जागेजवळच्या गावाचे नाव देण्याची पद्धत आहे. त्या यादीत एक नोंद आहे : चंदकापूर, वऱ्हाड. तारीख ६ जून १८३८, वेळ दुपारची. जमा झालेल्या पाषाणाचे वजन ८.८ किलो. नोंदीतले अक्षांश-रेखांश नकाशावर ठेवले तर बोट टेकते ते बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, चिखली, देऊळगाव राजा आणि जाफराबाद यांच्या मधल्या टापूत. म्हणजे माझ्या आजोळापासून बैलगाडीने जाता येईल इतक्या अंतरावर.

तारीख पाहा. सहा जून म्हणजे मृगाचे तोंड. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. तो इंग्रजांच्या ताब्यात जायला १८५३ चा तह व्हायचा होता. रेल्वे नव्हती, तार नव्हती, वर्तमानपत्र तर या भागात नव्हतेच. वखरणी आटोपत आलेली, ढगांकडे डोळे लागलेले. अशा भर दुपारी आकाश गडगडले आणि पाऊस न येता दगड आले. ज्यांनी तो आवाज ऐकला त्यांच्यापैकी कुणी तरी दगड शोधले, उचलले आणि ते अशा हातांत पोचले की आज जवळजवळ १९० वर्षांनी त्यांची तारीख आणि जात आपल्याला सांगता येते. ते उचलणारे हात कुणाचे होते याचा त्या नोंदीत पत्ता नाही. गावाचे नाव राहिले, एवढेच.

मध्यंतरी त्या बाजूच्या एका बाजारगावी मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी गेलो. चहाच्या टपरीवर, देवळाच्या ओट्यावर, शाळेत शिक्षकांना विचारले. इथे आभाळातून दगड पडल्याचे ऐकले आहे का? लोकांनी आपुलकीने चहा पाजला आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिले : "ते लोणारले ना!"

लोणारला, हो. आमच्या जिल्ह्यात आभाळाचा विषय निघाला की लोणारपाशीच संपतो, आणि त्यात नवल नाही. पावणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचे ते गोल विवर, त्यातले खारे पाणी, काठावरची देवळे, लवणासुराची कथा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे बहुतेकांना ते ज्वालामुखीचेच मुख वाटत राहिले, कारण सगळा मुलूखच लाव्ह्याचा. शेवटी तळाच्या गाळाखाली छिद्रे पाडून खडक वर काढले गेले, त्यात जबर आघातानेच होणारे बदल दिसले, आणि १९७३ साली अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून हा आघात असल्याचे जगापुढे मांडले. त्याच्या वयाचा वाद अजून चालू आहे. जुन्या मोजणीने ते ५०-५२ हजार वर्षांचे, २०११ च्या मोजणीने पावणेसहा लाखांच्या घरातले.

पण लोणारचा एक विरोधाभास आपण लक्षात घेत नाही. एवढा मोठा पाहुणा आला, आणि मुठीत धरता येईल असा त्याचा एकही तुकडा मागे उरला नाही. आघाताच्या उष्णतेने तो स्वतःच वितळला, वाफ झाला. विवर आहे, ते करणारा नाही. चंदकापूरचे बरोबर उलटे. तिथे जमिनीवर कसलीही खूण नाही, पण पाहुणा मात्र सापडला. एकाच जिल्ह्यात आकाशाने एकदा घाव ठेवला आणि एकदा दगड. घाव सगळ्यांना ठाऊक आहे. दगड आपण विसरलो.

आता कुणी विचारील, आठ-नऊ किलो दगडाचे एवढे काय? आमच्या बरड रानात दगडांना काय तोटा?

गंमत तिथेच आहे. दगडांना तोटा नाही म्हणूनच तो दुर्मीळ आहे. राजस्थानच्या वाळूत किंवा अंटार्क्टिकाच्या बर्फावर एखादा काळा, जड खडा पडलेला दिसला तर तो उपरा आहे हे लांबून कळते. अंटार्क्टिकाच्या निळ्या बर्फावरून असे हजारो पाषाण वेचले गेले आहेत. आमची जमीन मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. इथला प्रत्येक दगड काळा. प्रत्येक दगड जड. लोहचुंबक जवळ नेले तर आमचा साधा कातळही थोडासा ओढ दाखवतो, कारण त्यातही लोहाची खनिजे असतात. म्हणजे आकाशातला पाषाण ओळखण्याच्या ज्या सोप्या खुणा पुस्तकात दिलेल्या असतात, त्या इथे फसतात. माझ्या आजीच्या गावाची फसगत झाली ती याचमुळे. आणि नेमक्या उलट्या बाजूने पाहिले तर, किती खरे पाषाण आमच्या बांधांवर, विहिरींच्या कठड्यांत आणि गोठ्यांच्या पायात मुकाट बसलेले असतील, याचा हिशेब कुणाला लागणार? शिवाय आपल्या पावसात त्यातले लोखंड गंजते आणि काही काळाने तो दगड दगडासारखाही राहत नाही.

म्हणून या काळ्या मुलखात आकाशातला पाषाण वाचतो तो एकाच गोष्टीमुळे : पडताना त्याला कुणी पाहिले म्हणून. साक्षीदार आहे म्हणून तो अशनी, नाही तर कातळ.

साक्षीदाराची ही किंमत विद्वानांना फार उशिरा कळली. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले बहुतेक मोठे पंडित आकाशातून दगड पडतात हे मानायलाच तयार नव्हते. शेतकरी सांगत, धनगर सांगत, पाद्री लिहून ठेवत; आणि शहरातले शहाणे म्हणत, वीज पडून जमिनीतलाच दगड भाजला असेल. १७९४ साली क्लाडनी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने अशा साऱ्या साक्षी एकत्र करून मांडल्या आणि म्हटले, इतकी माणसे, इतक्या ठिकाणी, इतकी सारखी खोटी बोलणार नाहीत. त्याची चेष्टा झाली. पुढच्या चारच वर्षांत, १९ डिसेंबर १७९८ ला, आपल्या बनारसजवळ संध्याकाळी मोठा अग्निगोल दिसला, आवाज झाला आणि शेतांत दगड पडले. एक तर एका राखणदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून जमिनीत रुतला. ते दगड लंडनला गेले. हॉवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते इंग्लंडात पडलेल्या दगडाबरोबर तपासले, आणि हजारो कोसांवर पडलेल्या या पाषाणांत एकाच प्रकारचे, निकेल असलेले लोखंड त्याला सापडले. हे वर्ष १८०२. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये एल-एगल गावावर दगडांचा अक्षरशः पाऊस पडला, आणि मग वाद मिटला. थोडक्यात, या बाबतीत शास्त्र जन्माला आले ते गावकऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला तेव्हा. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाची साक्ष म्हणजे अडाण्याची बडबड असे समजणाऱ्यांनी हा धडा एकदा उजळावा.

चंदकापूरचा पाषाण 'कॉन्ड्राइट' जातीचा आहे. त्यातही कमी लोहाचा, ज्याला शास्त्रज्ञ 'एल' गट म्हणतात तो, आणि त्यातला पाचवा प्रकार. हे आकडे रुक्ष वाटतात. त्यांच्यामागची हकिगत तशी नाही. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती धूळ आणि वायू फिरत होते. त्या धुळीचे वितळून पुन्हा गोठलेले बारीक मणी, राजगिऱ्याच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढे, एकत्र चिकटत गेले आणि त्यांचे मोठमोठे गोळे झाले. काही गोळ्यांचे ग्रह झाले, काही तसेच राहिले. तसेच राहिलेल्यांपैकी एका लघुग्रहाच्या पोटात हा पाषाण भाजत पडला होता. कुंभाराच्या आव्यात मधली मडकी जास्त भाजतात, कडेची कमी. तसा प्रकार पाचवा की सहावा हे किती भाजणी झाली त्यावर ठरते. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी या गटाचा मूळ लघुग्रह एका भीषण टकरीत फुटला, आणि त्याचे तुकडे अजूनही अधूनमधून पृथ्वीवर येत असतात. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आला तो असा. आमच्या पायाखालचा कातळ त्याच्यापुढे कालचे पोर.

या भावकीतला एक सोयरा अगदी अलीकडे विदर्भात येऊन गेला. २२ मे २०१२, दुपारी दोनच्या सुमारास, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर आकाशात स्फोटांचे आवाज झाले आणि गावावर, शेतांवर पाषाण पडले. मिळून सुमारे १३ किलो सापडले. तोही 'एल' गटातला, सहाव्या प्रकारचा. त्याचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. खरगपूरच्या आयआयटीतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातल्या केसासारख्या काळ्या शिरा तपासल्या. आकाशातल्या टकरीत क्षणभर वितळून त्या झाल्या होत्या. त्यांत ब्रिजमनाइट नावाचे खनिज सापडले, आणि २०२१ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सर्वांत विपुल आहे, पण ६६० किलोमीटरहून अधिक खोल. तिथे कुणाचा हात पोचत नाही, कुठली कूपनलिका जात नाही. आपल्याच धरणीच्या पोटातला ऐवज आपल्याला पाहायला मिळाला तो आभाळातून, आणि तोही संत्र्यांच्या गावात!

काटोलला हे साधले कारण लोकांनी पाहिले, बोभाटा झाला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसे वेळेवर पोचली आणि पाऊस यायला अवकाश होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत दियोदर तालुक्यात दोन गावांत असेच पाषाण पडले. त्यातला एक निंबाच्या फांदीवर आदळून फुटला. तुकडे अहमदाबादच्या प्रयोगशाळेत गेले आणि तो अत्यंत विरळ जातीचा निघाला. तशा जातीचा पाषाण भारतात त्याआधी पडला होता १८५२ साली, उत्तर प्रदेशातल्या बस्तीला. १७० वर्षांनी एकदा येणारी संधी कुठल्या तरी घराच्या ओसरीवर येऊन पडते, आणि ती ओळखायची जबाबदारी त्या घरच्या माणसांवर असते.

त्याच वर्षीची दुसरी एक आठवण विदर्भात घरोघरी असेल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून तेजाळ रेघा सावकाश सरकत गेल्या. आमच्याकडे फोनवर फोन. कुणी उल्का म्हणे, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात एक मोठे धातूचे कडे पडले, आणि ते सारे प्रकरण चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष म्हणून जगभर पोचले. खरी उल्का काही सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला निदान अकरा किलोमीटर वेगाने घुसते. अग्निबाणाचा सांगाडा त्यापेक्षा सावकाश, जवळजवळ आडवा येतो, म्हणून बराच वेळ दिसतो. एवढी साधी खूण आपल्या शाळांत शिकवलेली असती, तर त्या संध्याकाळी अर्धा घोळ टळला असता. आकाशात आता माणसाने टाकलेले सामानही वाढत चालले आहे. पुढच्या पिढीला दोन्ही ओळखावे लागतील.

म्हणून पुन्हा असे काही पडले तर काय करायचे, हे घराघरांत ठाऊक असायला हवे. घड्याळ पाहावे. कोणत्या दिशेने आले, कुठे विझले, ते घर, झाड, टेकडी यांच्या खुणेने लक्षात ठेवावे. उजेडानंतर आवाज किती वेळाने आला ते मोजावे. ताजा पाषाण बाहेरून करपलेला असतो, चुलीच्या निखाऱ्यात भाजलेल्या वांग्यासारखा. आतला भाग बहुधा फिकट राखी. तो जळता पेटता असतो हा समज चुकीचा. शेवटचे काही किलोमीटर तो विझलेल्या स्थितीत, गार हवेतून खाली येतो. त्याला धुवू नये, फोडू नये, तेल-शेंदूर लावू नये, आणि चुंबक लावून पाहण्याचा मोहही आवरावा, कारण त्याच्या आत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकत्वाची नोंद असू शकते आणि ती क्षणात पुसली जाते. जागच्या जागी छायाचित्र काढावे, कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळावे आणि तहसीलदारामार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. ज्याच्या शेतात दगड पडला तो शेतकरी विचारणार, "मी दिला, मग मला काय?" हा प्रश्न हावरेपणाचा नाही. जगात अशा पाषाणांचा बाजार आहे आणि त्यात हरभऱ्याएवढ्या खड्यालाही मोल आहे, हे आता मोबाइलमुळे खेड्यापाड्यांत कळते. केवळ "देशाची ठेव आहे, देऊन टाका" म्हणून चालणार नाही. ज्याने दिला त्याला रीतसर पावती मिळावी. पाषाणाच्या नोंदीत गावाबरोबर त्याचेही नाव राहावे, त्याची इच्छा असेल तर. काही ठरावीक बक्षीस असावे. आणि संशोधन झाले की एक लहानसा तुकडा, निदान हुबेहूब प्रतिकृती आणि दोन पानांची मराठी माहिती, त्या गावच्या शाळेत परत यावी. नेणारे येतात, परत सांगायला मात्र कुणी येत नाही, हा खेड्यांचा जुना अनुभव आहे. विश्वास असा एकतर्फी टिकत नाही. दगड दडवला जातो तो बहुतेक वेळा लोभाने नव्हे, या अविश्वासाने.

आणि बुलढाणा जिल्ह्यापुरती एक मागणी. लोणार २०२० सालापासून रामसर यादीतले पाणथळ आहे. त्याच वर्षी त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाने वळून पाहिले. शाळांच्या सहली येतात, लोक काठावर उभे राहून फोटो काढतात आणि परत जातात. तिथे एका काचेच्या पेटीत चंदकापूरचा एक तुकडा का असू नये? एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे पडलेले पाषाण कोलकाता, लंडन, व्हिएन्ना अशा संग्रहालयांत वाटले गेले. सगळा परत मागा, असे मी म्हणत नाही. तो तिथे जपला गेला म्हणूनच आज त्याच्याविषयी बोलता येते. पण नखाएवढी एक चकती, शेजारी काटोलचा तुकडा, आणि त्यांच्याजवळ आमच्या रानातला साधा काळा कातळ. तिन्ही हातात देता आले तर उत्तमच. पोरांना फरक कळेल. विवर पाहून नुसते डोळे विस्फारतात. दगड हातात घेतला की प्रश्न पडतात.

आजीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. पारावरचा गोटा अजून तिथेच आहे, शेंदूर दरवर्षी नवा होतो, आणि मी गावी गेलो की त्याला नमस्कार करतो. तो आभाळातला नसला तरी चार पिढ्यांनी त्याच्याकडे पाहून आभाळाचा विचार केला, हे काही थोडे नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिला देता आले नाही. आज देता येईल : आजी, तो आपल्याच शिवाराजवळ पडला होता, तुझ्या सासूच्याही आधी. उचलणाऱ्याने उचलला, नेणाऱ्याने नेला. तो कुठे आहे हे पुस्तकात लिहिलेले आहे. तो आपला होता, हे तेवढे गावात कुणाला ठाऊक नाही.